शेवंती, तो कौल डावा होता

शेवंती, काल तुझं तेरावं झालं. माणसं जेवून उठली, तुझ्याबद्दल चांगलं चांगलं बोलून गेली. फोंड्याहून तुझ्या शाळेतल्या दोघी बाई आल्या होत्या. त्यांनी तर तुला शांत, सोशिक, कुणाच्या अध्यात ना मध्यात अशी करून टाकलं. मी वाढता वाढता ओठ दाबून धरले. शांत, आणि तू. नारळी पौर्णिमेला बंदरावर बाप्यांचे नारळ फोडणारी शेवंती कुणाच्या अध्यात नव्हती म्हणे. तू तिथे असतीस तर मला कोपराने ढोसलं असतंस, आणि भाताचं पातेलं माझ्या हातून पडलं असतं.

मेलेल्या माणसाबद्दल खोटं गोड बोलतात, ते बोलोत. मला मात्र तुला एक खरं सांगायचं आहे. दहा वर्षं ते माझ्या पोटात आहे. किल्ल्यावर आपण दोघींनी चोरून लावलेला तो कौल डावा होता. मी तो उजवा वाचला. माझ्या एका चुकीवर तू घर सोडलंस, मास्तरीण झालीस, फोंड्याला गेलीस, आणि तिथेच तीन दिवसांच्या तापाने गेलीस. देव नको म्हणाला होता, शेवंती. मी होय म्हणाले.

सांगते, पण माझ्या पद्धतीने. मला सरळ सांगता येत नाही, हे तुझंच म्हणणं.

मी कोल्हापूरची. लग्न होऊन पहिल्यांदा मालवणात आले तेव्हा एसटीने फोंड्याचा घाट उतरताना माझी आतडी बाहेर यायची बाकी होती. तुझे भाऊ चार दिवस राहून मुंबईला नोकरीवर गेले, आणि घरात उरलो आपण तिघी. सासूबाई, तू आणि मी. तुझी भाषा मला अर्धी कळायची. तुला माझी सगळी कळायची, पण तू न कळल्यासारखं करायचीस. पहिल्याच आठवड्यात तू माझ्या ताटात तिरफळं घातलेली बांगड्याची आमटी वाढलीस आणि मी तिरफळ चावून खाल्लं. जीभ बधिर होऊन मी रडकुंडीला आले, तर तू म्हणालीस, "वयनी, ता चावूचा नसता गो, बाजूक काढूचा असता." हे आधी सांगायचं असतं, असं मी म्हटलं. तू म्हणालीस, आधी सांगितलं असतं तर लक्षात राहिलं नसतं. पुढे मास्तरीण होणार हे तिथेच दिसायला हवं होतं.

नारळी पौर्णिमेला तू मला बंदरावर नेलंस. मी तोवर समुद्र लांबून पाहिला होता, माणसांनी भरलेला किनारा नाही. वाजंत्री, सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ, नवी लुगडी, आणि वाळूत जागोजागी नारळ लढवणारे घोळके. एकाने नारळ हातात घट्ट धरायचा, दुसऱ्याने आपला त्यावर आपटायचा, ज्याचा फुटला त्याचा नारळ जिंकणाऱ्याला. मला वाटलं आपण बघायला आलोत. तू पदराखालून नारळ काढलास. जाड करवंटीचा, परसातल्या खास माडाचा, आठवडाभर तांदळाच्या मडक्यात लपवलेला. एक म्हातारा म्हणाला, "बायल माणूस कधी नारळ लढवता?" तू म्हणालीस, "नारळाक खंय कळता, हात कोणाचो ता." त्याचाच पहिला फोडलास. आपण दोघी ओटीभर नारळ घेऊन घरी आलो आणि सासूबाईंनी आधी आपल्याला झापलं, मग खोबरं किसायला घेतलं.

त्या दिवशी मला तुझं वेड लागलं, हे तुला कधी बोलले नाही. माहेरी मला बहीण नव्हती. नणंद म्हणजे काय याबद्दल बायकांनी मला जे जे सांगून पाठवलं होतं, ते सगळं मी त्या वाळूत टाकून आले.

आणि मग आपलं भांडण. मी सहज म्हणाले, आमच्या पन्हाळ्यासारखा किल्ला नाही. झालं. तू घरापुढच्या खळ्यातून समोरच्या किल्ल्याकडे हात केलास आणि दीड वर्ष तो हात खाली घेतला नाहीस. "पन्हाळ्याक दर्यो खंय आसा? दर्यो नाय तर किल्लो कसलो? ता डोंगराक घातलेला कुंपण." मी म्हणायचे, आणि हा काय, पाण्यात टाकलेला धोंडा. कुणीही माघार घेतली नाही. पुढे कोल्हापुरात शिकताना तू माझ्या वडिलांबरोबर पन्हाळा बघून आलीस, तेव्हा मला वाटलं आता तरी मानशील. तुझं कार्ड आलं. त्यात एकच ओळ होती, वारा बरा आहे. हे भांडण अर्धंच राहिलं, आणि मी अजूनही पन्हाळ्याच्या बाजूची आहे, हे लिहून ठेवते.

माघात तुझ्यासाठी मुंबईचं स्थळ आलं. मुलगा गिरणीत कारकून, लालबागला खोली, घरचे चांगले. त्याच आठवड्यात माझ्या वडिलांचं पत्र आलं. मी त्यांना लिहिलं होतं, तुला न विचारता लिहिलं होतं, की माझी नणंद सातवीची फायनल पास आहे, हुशार आहे, तिला शिक्षिकेच्या ट्रेनिंगला घेतील का. त्यांनी लिहिलं, होळीच्या आत अर्ज पाठवा, राहायला आपलं घर आहे. तू ते पत्र तीनदा वाचलंस. त्या दिवशी तू कुणाची थट्टा केली नाहीस.

सासूबाई म्हणाल्या, देवाला विचारू. सोमवारी गुरव कौल लावेल, देव सांगेल तसं. त्या स्थळाच्या बाजूच्या होत्या, आणि त्यात त्यांचं चूक नव्हतं. एकुलती लेक घाटावर पाठवायची, तीही नोकरीसाठी, हे त्यांनी कुठे पाहिलं होतं? पण तू विहिरीवर मला हळूच म्हणालीस, "गुरव लावतलो तर आयेक व्हयो तसोच कौल पडतलो. तेच्या पोटात आयेन रांधलेलो भात आसा." मग पाण्याने भरलेली कळशी खाली ठेवलीस. "आपणच लावया. किल्ल्यार. थंय कोण बघता?"

कौल म्हणजे काय हे मला तूच शिकवलंस. देवाला पाण्याने दोन पाकळ्या चिकटवायच्या, एक उजव्या अंगाला, एक डाव्या. प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. माझ्या माहेरी ही रीत नव्हती. आमच्याकडे वडीलच कौल देत.

रविवारी सकाळी आपण किल्ला बघायला म्हणून निघालो. खोटं नव्हतं ते, मी खरंच बघितला नव्हता. बाबल तांडेलाच्या होडीत बसले आणि दोन्ही हातांनी कड पकडली. तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "वयनी, होडयेक धरतंस कित्याक? ती काय पळान जातली?" बाबल हसला, होडीतले सगळे हसले, आणि मी हात सोडले. सोडल्यावर कळलं की हात सोडूनच ती मजा होती. पाणी इतकं निवळ की तळाचे खडक दिसत होते. समोरून तट वाढत वाढत आला आणि डोळ्यांत मावेना. मी म्हटलं, अगं दरवाजा कुठाय. "दुश्मनाक दिसता नये म्हणानच तसो बांधलो हा. तू तर घाटावरसून इलंस, तुका कसो दिसतलो?" आणि मग होडी वळली, तटाच्या कुशीतून दरवाजा एकदम पुढ्यात आला, आणि माझ्या तोंडून पन्हाळ्याचं नाव काही वेळ निघालं नाही. तेवढं कबूल करते.

बाबल ओरडला, "बायांनू, येळार परत येवा हां. भरती लागली काय मी थांबूचंय नाय." आपण ऐकलं कुठे. तू मला पळवत नेलंस. चुन्यात उमटलेला महाराजांच्या हाताचा ठसा दाखवलास आणि मी हात जोडायच्या आत विचारलंस, "बग, आमच्या धोंड्यार हात कोणाचो आसा?" शिवराजेश्वराच्या देवळात गेलो. मी आयुष्यभर दाढीचे महाराज बघितलेले. इथे बिनदाढीचे, डोक्यावर दर्यावर्द्याची टोपी. मी बघतच राहिले. तू हळू आवाजात म्हणालीस, इथे ते आमचे आहेत. त्या एका वाक्यात थट्टा नव्हती.

मग दूधबाव, साखरबाव, दहीबाव. चारी बाजूंनी खारा समुद्र आणि मध्ये गोड्या पाण्याच्या विहिरी. मी तिन्हींचं पाणी प्यायले आणि तिन्हींची चव सारखी लागते म्हणाले, तर तू घाटी जिभेला काय कळणार म्हणालीस. दोन फांद्या फुटलेला तो माड दाखवलास. किल्ल्यावर राहणाऱ्या एका घरात ओळख काढून कोकम सरबत प्यायलो, त्या बाईला मी कोण हे सांगताना तू माझा खांदा धरला होतास. तटावरून चालत गेलो, एका बाजूला वाडीतले माड आणि दुसऱ्या बाजूला खाली फुटणाऱ्या लाटा. मग तटातल्या त्या लहान दरवाजातून राणीच्या वेळेवर, म्हणजे राणीच्या पुळणीवर उतरलो, ओंजळीएवढी ती वाळू. लुगडी गुडघ्यापर्यंत खोचून पाण्यात उभ्या राहिलो. माझं वय तेव्हा एकोणीस होतं, शेवंती. त्याआधी आणि त्यानंतर मी इतकी मोकळी कधी ओरडले नाही.

परत येताना तटाला लागून ती घुमटी. आत एक शेंदूर लावलेला पाषाण, नाव तुलाही धड माहीत नव्हतं. तू पदराला बांधून आणलेली जास्वंद सोडलीस. दोन पाकळ्या ओल्या करून लावल्यास. आणि गुरवाचा आवाज काढून गाऱ्हाणं सुरू केलंस. "बा देवा म्हाराजा, ह्या चेडू आज तुझ्या दारात उभा आसा. शिकाक धाडूचा आसात तर उजवो दी, लग्नाक धाडूचा आसात तर डावो दी. इकडचा तिकडे करू नको म्हाराजा." मी म्हणायचं होतं, व्हय म्हाराजा. मी म्हणाले आणि आपण दोघी फिस्सकन हसलो. मग हसू थांबलं. तुझा आवाज बदलला. दुसऱ्यांदा तू ते तुझ्याच आवाजात म्हणालीस, आणि मला कळलं की तुला किती जायचं आहे.

खाली बाबल हाका मारत होता. भरती लागली होती. आपण हललो नाही. आणि पाकळी पडली.

मी आधीच उतावळी. कुणी विचारायच्या आत उत्तर देणारी. मी टाळी वाजवली, "उजवा! उजवा पडला, शेवंती." तू पाषाणाकडे बघितलंस. मग माझ्याकडे. "उजवो?"

"उजवाच. समोर पडलाय, दिसत नाही का?"

"दिसता," तू म्हणालीस. जरा वेळाने म्हणालीस, "बरा तर." आणि होडीच्या दिशेने पळत सुटलीस. मी मागे, हसत, धापा टाकत. त्या दिवशी मला वाटलं की देवाने माझं ऐकलं.

घरी सासूबाई दारातच होत्या. "आये, कौल झालो," तू सांगितलंस. "आता परत इचारूचो नाय." एक गोष्ट देवाला दोनदा विचारायची नाही, हा त्यांचाच नियम. त्यांनी विचारलं, काय आला. तू म्हणालीस, "वयनीक इचार." मी छाती पुढे काढून सांगितलं, उजवा. त्यांनी तुझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, अर्ज कोणत्या शाईने लिहायचा तो लिहा, आणि आत गेल्या.

जूनमध्ये तू गेलीस. श्रावणात शेजाऱ्यांनी नव्या घरासाठी देवळात कौल लावला, मी सासूबाईंबरोबर गेले होते. पाकळी पडली ती माझ्या डाव्या हाताला. मी मनात म्हटलं, बिचाऱ्यांचं घर राहिलं. आणि गुरव म्हणाला, "उजवो दिल्यान." सगळ्यांचे चेहरे फुलले. मला क्षणभर कळेना, आणि मग कळलं. देव आपल्याकडे तोंड करून बसलेला असतो. उजवा म्हणजे देवाचा उजवा. घाटावरच्या उतावळ्या बाईचा नव्हे. किल्ल्यावर पाकळी माझ्या उजव्या हाताला पडली होती, म्हणजे देवाच्या डाव्या.

तुला लिहायला तीनदा बसले. तुझी पत्रं मात्र अशी यायची की हात थांबे. आज पहिल्यांदा फळ्यावर लिहिलं. आज मुलींना समुद्र म्हणजे काय ते सांगितलं, त्यातल्या एकीने विचारलं की तो रात्री कुठे जातो. हे वाचून मी कोणत्या तोंडाने लिहिणार होते की तू परत ये, देवाची परवानगी नव्हती? मग फोंड्याला नेमणूक झाली आणि तू आलीस ती ओरडतच, "वयनी, तू जंय ओकलंस थंयच माका नोकरी गावली." तू इतकी आनंदात होतीस की मी गप्प राहणं हेच बरं असं ठरवून टाकलं. ठरवलं खरं, पण मन खात राहिलं. तुला जरा ताप आला, बस चुकली, शाळेचं छप्पर गळलं, की मला तो पाषाण आठवायचा. आणि या भाद्रपदात निरोप आला तेव्हा मी रडले नाही. मी म्हणाले, हे मी केलं.

आज दुपारी सासूबाई तुझी ट्रंक उघडून बसल्या होत्या. तुझी पातळं, मुलींनी भरतकाम करून दिलेले रुमाल, खडूची भुकटी बसलेली ती पिशवी. मी समोर बसले आणि मला राहवलं नाही. म्हटलं, आई, तो कौल डावा होता. मी चुकीचा वाचला. माझ्यामुळे ती गेली.

सासूबाई पातळाची घडी घालत होत्या. हात थांबला नाही. "माका ठावक आसा," त्या म्हणाल्या.

"कधीपासून?"

"त्याच दिवसापास्ना. सांजेक गोठ्यात माझ्याकडे इला नि सांगल्यान. आये, देवान डावो दिल्यान, वयनीन उजवो वाचल्यान. मी वयनीचो घेतलंय."

 मी विचारलं, तुम्ही अडवलं का नाही?

"खोटा बोलान जाता तर अडवलंय असतंय," त्या म्हणाल्या. "खरा सांगून उभा ऱ्हवला. मगे मी काय बोलू?" घडी ट्रंकेत ठेवली, दुसरं पातळ उचललं. "तुका सांगू नको म्हणालेला. वयनी भियातली म्हणालेला. मीच तिका किल्ल्यार न्हेतलंय, थंयच उभी करून सांगतलंय, म्हणालेला."

म्हणजे तू बघितलं होतंस. पाकळी पडताक्षणी तुला कळलं होतं. आता मी आठवून बघते, तर त्या दिवशी तू एकदाही उजवा आला असं म्हणाली नाहीस, ना मला, ना आईला. लबाड, लबाड आणि लबाड. मी दहा वर्षं समजत होते की मी तुला ढकललं. तू तर देवाचं उत्तर वाचलंस, माझं ऐकलंस, आणि स्वतःला हवं ते निवडून होडीकडे पळालीस. आईला देवाचं उत्तर काय ते खरं सांगितलंस, आणि त्या बाईने आपलं काळीज दगडाचं करून तुला जाऊ दिलं. फोंड्याला तू तुझ्या पायांनी गेलीस. माझ्या छातीवरून आज मोठा दगड उतरला आहे, आणि तुला एक चापट मारावी इतका तुझा राग आला आहे, आणि तुझा अभिमान वाटतो आहे, आणि हे सगळं एकदम होतं आहे.

पण एक आहे. तू दर मे महिन्यात यायचीस आणि दुसऱ्याच दिवशी म्हणायचीस, "चल गो वयनी, किल्ल्यार जावया." मी एकदाही आले नाही. कधी पापड घातलेत म्हणाले, कधी पोरांना ऊन लागेल, कधी माझं डोकं दुखतंय. मला तुझ्याबरोबर त्या घुमटीपुढे उभं राहायची भीती वाटत होती. तू हिरमुसायचीस, पण पुढच्या वर्षी पुन्हा विचारायचीस. मी एकदा जरी होडीत बसले असते, तरी तू मला त्या पाषाणासमोर उभी केली असतीस, माझे दोन्ही हात धरून देवाचा उजवा कुठला ते लहान पोरीला शिकवावं तसं शिकवलं असतंस, आणि आपण दोघी तिथेच तटावर बसून पोट दुखेपर्यंत हसलो असतो. ते हसणं तू दहा वर्षं माझ्यासाठी राखून ठेवलं होतंस, आणि मी ते घ्यायला आले नाही.